काऊंट ९ मिलियन आलाय. जिम, तंबाखू, भट्टीची ड्युटी: आधी काय बदलू?

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. दीड वर्षापासून मुलासाठी प्रयत्न चालू आहेत. माझं वय ३३, बायकोचं ३०. उंची १७२ सेंमी, वजन ९२ किलो, कंबर १०४ सेंमी. गेल्या आठवड्यात वीर्यतपासणी केली. आकडे असे: प्रमाण २.२ मिली, काऊंट (शुक्राणूंची संख्या) ९ मिलियन प्रति मिली, एकूण हालचाल ३४ टक्के, त्यातले पुढे सरकणारे २० टक्के, नॉर्मल आकाराचे ३ टक्के. ॲबस्टिनन्सच्या, म्हणजे आधी किती दिवस वीर्य बाहेर पडलं नाही त्या रकान्यात ८ दिवस. नमुना घरी घेतला, लॅबला पोचायला सव्वा तास लागला.

काम फौंड्रीत मेल्टिंगला, म्हणजे धातू वितळवायच्या भट्टीवर, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. तंबाखू-चुना दिवसातून सात-आठ वेळा, कधीमधी मावा. दारू महिन्यातून दोनदा. ऑगस्टच्या शेवटी डेंग्यू झाला होता, चार दिवस १०३ ताप. तपासणी त्यानंतर पाच आठवड्यांनी.

चार महिन्यांपासून जिम लावलीय. तिथला ट्रेनर म्हणतो टेस्टोस्टेरॉनचा आठ आठवड्यांचा कोर्स मार, वजनपण उतरेल आणि काऊंटपण चढेल. अजून घेतलेला नाही. घरचे उलट म्हणतात, जड वजनं उचलल्यानेच हे झालंय, जिम सोड. व्यायामाने काऊंट वाढतो का, वाढत असेल तर किती दिवसांत, आणि सगळ्यात आधी काय बदलू? आकड्यांत बोललात तर बरं.

लॅबमधला काका

जिमचं इतर लोक सांगतील, मी रिपोर्टापुरतं बोलतो. भाऊ, हा रिपोर्ट निम्मा डेंग्यूचा आहे.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. त्यानंतर वृषणाच्या मागच्या गुंडाळलेल्या नळीतून बाहेर यायला आणखी २ ते १२ दिवस. म्हणजे आज डबीत जे दिसतं ते सुमारे तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेलं पीक. १०३ ताप चार दिवस राहिला की त्या वेळी अर्धवट तयार असलेली फळी मार खाते, आणि तो खड्डा महिना-दोन महिन्यांनी रिपोर्टात उतरतो. तुम्ही बरोब्बर त्या खड्ड्यात नमुना दिलाय. डेंग्यू, टायफॉईड, मलेरिया, कुठलाही जोराचा ताप असो, त्यानंतर तीन महिने सोडून तपासणी करायची.

दुसरं, ८ दिवस. नियम २ ते ७ दिवसांचा आहे. जास्त दिवस थांबलं की साठा वाढतो, म्हणून काऊंट फुगतो, पण जुने शुक्राणू पडून राहिल्याने हालचाल मंदावते. त्यामुळे तुमचा ९ हा आकडा थोडा चढलेलाच असू शकतो आणि ३४ टक्के थोडा उतरलेला. पुढच्या वेळी ३ किंवा ४ दिवस ठेवा, आणि त्यानंतरच्या प्रत्येक तपासणीला तेवढेच. नाहीतर दोन रिपोर्टांची तुलनाच होत नाही.

तिसरं, सव्वा तास. नमुना अर्ध्या तासात लॅबला मिळावा, फार तर एका तासात. वाटेत तापमान २० ते ३७ अंशांच्या मध्ये हवं. डबी शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाला लागून आणायची. गाडीच्या डिकीत नाही, फ्रिजमध्ये तर नाहीच. लॅबमध्ये खोली असेल तर तिथेच द्या, लाजू नका, आमचं रोजचं काम आहे ते. साधा निरोध, तेल, थुंकी, साबण काही वापरायचं नाही. पहिला भाग डबीबाहेर सांडला तर सांगून टाकायचं, कारण बहुतेक शुक्राणू त्या पहिल्याच भागात असतात.

आता तुलना कशाशी करायची ते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीतल्या खालच्या मर्यादा अशा: प्रमाण १.४ मिली, काऊंट १६ मिलियन प्रति मिली, पूर्ण नमुन्यात ३९ मिलियन, एकूण हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, नॉर्मल आकार ४ टक्के. बऱ्याच लॅबच्या छापील फॉर्मवर अजून २०१० चे आकडे असतात (१.५, १५, ३९, ४०, ३२, ४), म्हणून दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरू नका. आणि मिलियन म्हणजे दहा लाख. ९ मिलियनला लोक ९ लाख समजून घरी रडारड करतात, ते ९० लाख आहेत, तेसुद्धा एका मिलीत.

या मर्यादा म्हणजे पास-नापासची रेघ नव्हे. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस गेले अशा पुरुषांत सगळ्यात खालचे पाच टक्के जिथे येतात ती ही जागा. म्हणजे याच्या खाली असूनही बाप झालेले लोक त्या यादीतच आहेत. आकार ३ आहे की ४ यावर तर मी एक मिनिट घालवणार नाही, तपासणारा बदलला तरी तो आकडा बदलतो.

खरा बघायचा आकडा हा: प्रमाण गुणिले काऊंट गुणिले पुढे सरकणारे. तुमचं २.२ × ९ × ०.२० म्हणजे जेमतेम ४ मिलियन. या आणि पुढच्या, दोन्ही रिपोर्टांत हा काढा आणि तोच ताडून बघा.

अँड्रो ओपीडी

काकांचं बरोबर आहे. मी कोर्सबद्दल आधी बोलतो, कारण बाकी सगळ्या चुका तीन-चार महिन्यांत भरून निघतात, ही निघेलच असं नाही.

बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन काऊंट वाढवत नाही, ते काऊंट शून्याकडे नेतं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं सोडते. एलएचमुळे वृषण स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवतो, एफएसएचमुळे शुक्राणूंना पोसणाऱ्या पेशी कामाला लागतात. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण रक्तातल्या प्रमाणाच्या कितीतरी पट असावं लागतं, तेव्हा शुक्राणू बनतात. इंजेक्शन घेतलं की रक्तातला आकडा चढतो, ग्रंथीला वाटतं माल भरपूर आहे, ती एलएच आणि एफएसएच बंद करते, आणि वृषणातली पातळी कोसळते. दंड फुगतात, वृषण आक्रसतात. रक्ताचा रिपोर्ट मात्र झकास येतो, त्यामुळे ट्रेनरला आपण बरोबर आहोत असंच वाटत राहतं.

हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून त्याची चाचणी घेतली होती, निष्कर्ष १९९० मध्ये आले. आठवड्याला २०० मिलिग्रॅम, निरोगी २७१ पुरुष, आणि सहा महिन्यांत त्यातल्या १५७ जणांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही. जिमच्या कोर्समध्ये डोस बऱ्याचदा याच्या दुप्पट-तिप्पट असतो, शिवाय सोबत डेका किंवा डायनाबॉल ही आणखी स्टेरॉइडं.

थांबवल्यावर परत येतं का? अशा गर्भनिरोधक चाचण्यांतल्या लोकांचा काऊंट २० मिलियनवर यायला लागलेला वेळ बघा: ६ महिन्यांत दोन तृतीयांश लोक, वर्षभरात ९० टक्के, उरलेल्यांना दोन वर्षांपर्यंत. पण ते मुळात चांगल्या काऊंटचे होते आणि डोस मोजून मिळत होता. तुम्ही ९ वरून सुरुवात करणार, बायको ३० ची, आणि कुपीत नेमकं काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ज्यांनी आधीच घेतलंय त्यांनी लपवू नये. काय, किती, कधीपर्यंत हे सगळं अँड्रोलॉजिस्टला सांगा. एचसीजी किंवा क्लोमिफिन या औषधांनी यंत्रणा पुन्हा चालू करता येते, पण ते रक्ततपासणी बघत करायचं काम आहे, जिमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा तक्ता बघत नाही. केस गळतीसाठी फिनास्टेराईड घेत असाल तर तेही सांगा. काही जणांत त्यानेही काऊंट उतरतो, बंद केल्यावर सुधारतो.

आता ज्याकडे व्यायामाच्या गप्पांत दुर्लक्ष होतं ते. अंडकोषातल्या शिरा फुगल्या आहेत का हे कोणी हाताने तपासलं का? व्हेरिकोसील साधारण १५ टक्के पुरुषांत असतं, आणि मूल होत नाही म्हणून येणाऱ्यांत ३५ ते ४० टक्क्यांत सापडतं. बहुतेक वेळा डावीकडे. तपासणी उभं राहून, उबदार खोलीत, श्वास रोखून जोर करायला लावून करतात. पाच मिनिटांचं काम. हाताला लागत असेल आणि काऊंट कमी असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि परिणाम बघायला पुन्हा तेच तीन ते सहा महिने. फक्त सोनोग्राफीत दिसलं, हाताला लागत नाही, अशासाठी चिरफाड करून घेऊ नका. घरच्यांच्या 'जड वजनांत' तथ्य एवढंच की जोर करताना पोटातला दाब वाढतो आणि आधीच फुगलेल्या शिरांत रक्त आणखी तुंबतं. शिरा ठीक असतील तर वजनांनी काही होत नाही.

रक्त: टेस्टोस्टेरॉन सकाळी ८ ते १० मध्ये, उपाशीपोटी, रात्रपाळीच्या आठवड्यात नाही. सोबत एफएसएच, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी). पुढच्या तपासणीत काऊंट ५ मिलियनच्या खाली गेला तर गुणसूत्रांच्या तपासणीचा विषय निघतो, आणि शून्य आला तर मैदानावर पळून काही होणार नाही, सरळ दवाखाना गाठायचा. वहिनींच्या तपासण्या या तीन महिन्यांत समांतर होऊ द्या. नवऱ्याचं आधी सुधारू दे मग बघू, यात वर्ष जातं.

आणि हो, दुकानातलं ते 'काऊंट किट' घेऊ नका. जस्त आणि फॉलिक ॲसिडची अमेरिकेत मोठी चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल आला. २,३७० जोडपी, सहा महिने रोज ३० मिलिग्रॅम जस्त आणि ५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड. मुलं होण्याच्या प्रमाणात काहीच फरक नाही, पोटाच्या तक्रारी मात्र वाढल्या.

लोखंडपेटी

ट्रेनिंग माझा विषय, म्हणून व्यायामाचं मी घेतो.

व्यायाम आणि काऊंट यांचं नातं चढत्या जिन्यासारखं नाही, घाटासारखं आहे. एका बाजूने चढ, माथा, मग दुसऱ्या बाजूने उतार. काहीच न करणारा खाली, बेताने करणारा वर, आणि अतिरेक करणारा पुन्हा खाली. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये १८९ तरुणांच्या पाहणीत आठवड्याला १५ तासांहून जास्त चांगल्यापैकी हालचाल करणाऱ्यांचा काऊंट ५ तासांहून कमी करणाऱ्यांपेक्षा ७३ टक्क्यांनी जास्त निघाला. त्याच पाहणीत आठवड्याला २० तासांवर टीव्ही बघणाऱ्यांचा, अजिबात न बघणाऱ्यांपेक्षा ४४ टक्क्यांनी कमी. पाहणीच आहे ती, कारण-परिणामाचा पुरावा नव्हे, पण दिशा कळते. उताराची बाजू: आठवड्याला शंभराच्या वर किलोमीटर धावणाऱ्यांत टेस्टोस्टेरॉन आणि वीर्य दोन्ही खालावलेलं दिसलं, पन्नास-पंचावन्न धावणाऱ्यांत नाही. शिरोलीकर, तुम्ही या उतारापासून फार लांब आहात, काळजी नको.

९२ किलोला माझा तक्ता असा. पहिले चार आठवडे पाच दिवस ३० मिनिटं झपझप चालणं. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तो वेग. पाचव्या आठवड्यापासून ४५ मिनिटं, त्यात दर पाच मिनिटांनी एक मिनिट हलकी धाव. वजनं आठवड्यात दोन, फार तर तीन दिवस: बैठका किंवा लेगप्रेस, बेंच, रोइंग, डेडलिफ्ट, प्रत्येकी ३ सेट, ८ ते १२ वेळा. सेट संपताना अजून दोन निघाले असते एवढं शिल्लक ठेवायचं. श्वास कोंडून एकदाच जास्तीत जास्त उचलायचा नाद तीन महिने बंद, व्हेरिकोसील तपासून होईपर्यंत तर नक्कीच. उचलताना श्वास सोडायचा. तालमीतले जोर-बैठका चालतील, सूर्यनमस्कार चालतील, पण शंभरच्या शंभर एका दमात हवेतच असं नाही.

अति होतंय हे ओळखायचं कसं: सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. नेहमीपेक्षा ८-१० ठोके जास्त, सलग तीन दिवस, झोप उडालेली, सकाळची ताठरता नाहीशी, इच्छा मंदावलेली. असं दिसलं की आठवडाभर व्यायाम निम्म्यावर आणा. रात्रपाळी संपवून आल्या आल्या जिम मारणाऱ्यांत हे हटकून दिसतं. आधी झोप, मग व्यायाम. शिकागोत दहा तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के उतरलं होतं. व्यायामाआधी घ्यायची कुठलीही प्री-वर्कआऊट पावडर ते भरून काढणार नाही.

साधी व्हे प्रोटीन पावडर किंवा क्रिएटिन काऊंट मारत नाही. पण डब्यावर 'प्रोहॉर्मोन', 'एसएआरएम', 'ओस्टारिन' असलं काही दिसलं तर ठेवून द्या. तेसुद्धा पिट्युटरीला झोपवतं, फक्त गोळीच्या रूपात.

लंगोटाबद्दल तालमीतली पोरं नेहमी विचारतात. तास-दीड तास कसरतीपुरता लंगोट बांधला तर काही होत नाही. सोडून सुती, सैल घातलं की झालं.

घाटवाट

सायकलचं कोणी बोललं नाही. दर रविवारी जोतिबा करणारे आमचे दहा-बारा जण आहेत, सगळ्यांना ही धास्ती आहे. सायकलने काऊंट जातो असं छापून आलं होतं. सोडायची का?

लोखंडपेटी

घाटवाट, ते बोस्टनचं काम, २०११ चं. मूल होत नाही म्हणून दवाखान्यात आलेल्या पुरुषांत आठवड्याला पाच तास किंवा त्याहून जास्त सायकल चालवणाऱ्यांत कमी काऊंट आणि कमी हालचाल जास्त दिसली. नंतर ब्रिटनमध्ये पाच हजारांवर सायकलस्वारांना विचारलं, तिथे सायकलचे तास आणि वंध्यत्व यांचा संबंध सापडला नाही. रविवारचा जोतिबा चालू ठेवा. ज्याचा काऊंट आधीच कमी आहे त्याने मूल राहीपर्यंत आठवड्याला पाच तासांच्या आत राहावं, एवढंच.

सीट मात्र नीट लावा. नाक वर आलेलं नको, सपाट किंवा किंचित खाली. भार बसण्याच्या दोन हाडांवर यायला हवा, मधल्या मऊ भागावर नाही. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट पायडलवर उभं राहा. पॅडची चड्डी राइड संपल्यावर लगेच बदला, चहाच्या टपरीवर तासभर तीच घालून बसू नका. खाली बधिर होत असेल तर सीट चुकीची आहे, सवय होईल म्हणून थांबू नका.

भट्टीचा सेफ्टीवाला

सगळे वजन आणि जिम करताय, प्रश्नकर्ता मेल्टिंगला आहे हे विसरलात. माझ्या मते तंबाखूनंतर लगेच याचा नंबर.

वृषण शरीराबाहेर लोंबतात ते उगाच नाही. त्यांना आतल्यापेक्षा २ ते ४ अंश थंड राहावं लागतं. उष्णता किती सूक्ष्म असली तरी पुरते ते बघा. फ्रान्समध्ये तुळूझला पुरुषांसाठी गर्भनिरोधकाची एक पद्धत वापरतात. खास चड्डीने वृषण वर ढकलून रोज १५ तास अंगालगत ठेवायचे, बस्स. तापमान दोनेक अंशांनीच वाढतं आणि काही महिन्यांत काऊंट १ मिलियनच्या खाली जातो. सोडल्यावर परत येतो. इटलीत दहा निरोगी पुरुषांना तीन महिने आठवड्यातून दोनदा १५ मिनिटं सौनात बसवलं, काऊंट आणि हालचाल उतरली, सहा महिन्यांत सावरली. मांडीवर लॅपटॉप घेऊन तासभर बसलं तर अंडकोषाचं तापमान अडीच अंशांहून जास्त चढतं. गंमत म्हणजे लॅपटॉप नसतानाही नुसत्या मांड्या जुळवून बसलं तरी २ अंश चढतंच.

भट्टीवर दोन प्रकारची उष्णता लागते. हवेची, आणि वितळलेल्या धातूकडून सरळ अंगावर येणारी. दुसरी जास्त वाईट आणि अडवायला सोपी, कारण ती सरळ रेषेत येते. स्लॅग (वरचा मळ) काढताना, टॅपिंगला (धातू ओतून घेताना), तापमान घेताना ॲल्युमिनियम लेपाचा एप्रन पुढून गुडघ्याखालपर्यंत, पाठ उघडी. चामड्याचा एप्रन दिवसभर बांधून ठेवला तर ठिणग्या अडतात पण आत वाफारा कोंडतो. काम झालं की सोडून ठेवा. आत जाड जीन्स नको, कंपनीची सुती आगरोधक पँट सैल मापाची मागून घ्या. नुसतं लक्ष ठेवायचं असेल तेव्हा भट्टीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायची गरज नाही, पॅनल केबिनमधून बघता येतं. तासाला पाच-दहा मिनिटं बाहेर पंख्याखाली, पाय फाकवून उभे. तीन महिन्यांसाठी मोल्डिंग (साचे बनवणं) किंवा फेटलिंगला (ओतीव माल घासून साफ करणं) बदली मागता आली तर मागा. कारण सांगायला संकोच वाटत असेल तर डेंग्यूनंतरचा अशक्तपणा आहेच.

घरी आल्यावर बंबाच्या कढत पाण्याने तांब्या-तांब्याने अंघोळ केली तर भ्यायचं कारण नाही, ती पाच मिनिटांत संपते. टबात किंवा जकुझीत बसून राहणं वेगळं. बर्फाचे शेक वगैरे यूट्यूबवरचे उद्योग करू नका, कातडी भाजते.

चड्डीचं विचारणार असाल तर: ६५६ पुरुषांच्या २०१८ च्या अमेरिकन पाहणीत सैल चड्डी वापरणाऱ्यांचा काऊंट २५ टक्क्यांनी जास्त निघाला. शंभर-दीडशे रुपयांचा बदल आहे, करून टाका.

भाकरीताई

दादा, खाण्याचं आणि तंबाखूचं मी सांगते.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३१ येतो. आपल्याकडे २५ च्या वर लठ्ठपणा धरतात आणि पुरुषाची कंबर ९० सेंमीच्या आत हवी. चरबीच्या पेशी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात, ते पिट्युटरीला दाबतं. शिवाय मांड्यांमधल्या चरबीने अंडकोषाला ऊब राहते ती वेगळीच. डेन्मार्कमध्ये लठ्ठ पुरुषांची आठ आठवडे कडक आहारावर सरासरी १६ किलो वजनं उतरवली, तेव्हा काऊंट दीडपट झाला. आणि ज्यांनी वजन परत चढू दिलं नाही त्यांचाच तो वर्षभर टिकला. त्यांचा आहार रोज ८०० कॅलरींचा होता आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. तुम्ही भट्टीवर उभं राहून तसलं काही करू नका, चक्कर येऊन पडाल. रोजच्यातून ५०० कॅलरी कमी करा, आठवड्याला अर्धा किलो, तीन महिन्यांत साडेसहा किलो. पुरे आहे.

या ५०० कॅलरी कोल्हापुरात शोधायला लांब जावं लागत नाही. एक मिसळ-पाव आणि दोन गोड चहा यांत त्या निघतात. तांबडा-पांढरा सोडा म्हणत नाही, वरचा तवंग बाजूला काढा आणि भाताऐवजी एक ज्वारीची भाकरी घ्या. दोन्ही जेवणांत वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, ताटाचा निम्मा भाग भाजी आणि कोशिंबीर. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली, तळून नको, कालवण. अक्रोडांवर एक चांगली चाचणी आहे, तरुणांना रोज ७५ ग्रॅम बारा आठवडे दिले तर हालचाल आणि आकार सुधारला. पण ७५ ग्रॅम म्हणजे खिशालाही जड आणि जवळपास ५०० कॅलरी, म्हणजे कमवलं तेवढं गेलं. मूठभर खा, शेंगदाण्याच्या जागी खा.

तंबाखू. 'सिगारेट ओढत नाही ना, मग झालं' हा आपल्याकडचा आवडता गैरसमज. तपासणीला आलेल्या ६३८ भारतीय पुरुषांत चघळण्याचा हिशोब मांडला तेव्हा दिवसाला जितक्या जास्त वेळा, तितका काऊंट, हालचाल, आकार सगळंच खाली, असं निघालं. सहापेक्षा जास्त वेळा खाणारे सगळ्यात तळाला होते, म्हणजे तुमचा गट. माव्यात सुपारीही येते, ती वेगळी सोडवावी लागते.

हळूहळू कमी करतो म्हणणाऱ्यांचं बहुधा तीनावर अडतं. तारीख ठरवा, शिफ्ट बदलण्याच्या सुट्टीचा दिवस बरा. निकोटिनची २ मिलिग्रॅमची गोळी-च्युइंगम मेडिकलमध्ये मिळते. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली चिमूट लागत असेल तर ४ मिलिग्रॅमबद्दल डॉक्टरांना विचारा. चघळायची पद्धत महत्त्वाची: दहा-पंधरा वेळा चावा, तिखट झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवा, झिणझिण्या गेल्या की परत चावा, असं अर्धा तास. साध्या चुइंगमसारखं सलग चावलं तर उचकी आणि मळमळ होते आणि लोक दुसऱ्याच दिवशी सोडतात. आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको. सरकारची मोफत क्विटलाईन १८०० ११२ ३५६. पुडीच्या खिशात बडीशेप ठेवा, हात तिकडे जाणारच आहे.

दारू महिन्यातून दोनदा असेल तर तिच्यामागे लागू नका. आधी हे.

शिरोलीकर

सगळ्यांचे आभार. ट्रेनरला नाही सांगून टाकलं. दोन शंका. एक, तपासणीपर्यंत 'साठवून' ठेवायचं की नाही, घरात वडीलधारे तेच सांगतात. दोन, पुढचा रिपोर्ट नेमका कधी? तंबाखू आज सोडली तर आजपासून मोजायचं की तापापासून?

अँड्रो ओपीडी

साठवायचं नाही. दिवस राहण्याची शक्यता बीज बाहेर पडतं तो दिवस आणि आधीचे पाच, अशा सहा दिवसांत असते. त्या काळात रोज किंवा एक दिवसाआड. बाकी महिन्यात दोन-तीन दिवसांआड चालू ठेवा. आठ-दहा दिवस राखून ठेवलेले शुक्राणू संख्येने जास्त, कामाने मंद. 'धातू जपावा' हे पहिलवानाला सांगितलेलं असेल, बाप होऊ बघणाऱ्याला लागू पडत नाही.

तारखेचं: तापाचे तीन महिने नोव्हेंबरअखेर भरतात. तो रिपोर्ट फक्त डेंग्यूचा वाटा वजा करून बघण्यासाठी. तंबाखू, वजन, भट्टी यांचे तीन महिने आजपासून मोजा, म्हणजे जानेवारीच्या मध्यावर दुसरा. दोन्ही एकाच लॅबमध्ये. हाताची तपासणी आणि वहिनींचं सोनोग्राफी-रक्त याच महिन्यात उरका, त्याला रिपोर्टाची वाट बघायची नाही. मध्ये परत ताप आला तर जानेवारीचा रिपोर्ट तेवढा पुढे ढकला. जानेवारीतही ते गुणाकाराचं उत्तर ५ मिलियनच्या खालीच राहिलं तर आणखी तीन महिने व्यायामावर काढू नका, पुढच्या उपचारांचं बोलायला दोघंही या.

लॅबमधला काका

आणि डबीवर नमुना घेतल्याची वेळ स्वतःच्या हाताने लिहा, मिनिटासकट. काऊंटरवरचा मुलगा डबी हातात आली ती वेळ टाकतो, आणि मग हालचाल का कमी आली ते कोणालाच कळत नाही.